परदेशी इंटर्नशिप, लीडरशिप ट्रेनिंग वगैरे… तुमचे किस्से टाका

नौपाड्याची निमकी
काल ठाण्यात मामलेदारला मिसळ खायला गेले होते. समोर कॉलेजची दोन पोरं आणि त्यांच्यासोबत एक गोरा मुलगा, गळ्यात कॉन्फरन्सचं आयडी तसंच लटकतंय, मिसळ खाऊन डोळ्यांतून नुसत्या धारा. मला एकदम वूच आठवलं.

वूच म्हणजे पोलंडमधलं शहर. स्पेलिंग बघाल तर लोड्झ. २००८ चा नोव्हेंबर, मी वीस वर्षांची, वॉर्साच्या स्टेशनात तिकीट खिडकीपुढे "लोड्झ, लोड्झ" करत उभी आणि आतली बाई मान हलवतेय. शेवटी कागदावर लिहून दिलं तेव्हा "आ, वूच!" म्हणाली आणि मागची अख्खी रांग हसली.

आयसेकतर्फे गेलेले (विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे ती), सहा आठवडे, शाळांमधून मुलांना भारताबद्दल सांगायचं. त्याआधी चार दिवस लीडरशिप ट्रेनिंग. मला वाटलेलं पीपीटी असेल, वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत बसले, तर खुर्च्याच उचलून नेल्या. रोल कॉल म्हणे, म्हणजे गाणं लावून सगळ्यांनी एकाच स्टेप्सवर नाचायचं, तेही सकाळी सकाळी, चहासुद्धा नाही. आणि मग तो फीडबॅकचा तास. गटातल्या हंगेरीच्या मुलीने माझ्यासमोर एक कागद सरकवला, त्यावर पाच-पाचच्या जुड्या करून रेघा मारलेल्या. त्रेचाळीस. "तू सकाळपासून इतक्या वेळा सॉरी म्हणालीस." मी म्हटलं, "ओह, सॉरी." तिने शांतपणे अजून एक रेघ मारली.

साडेतीनला अंधार व्हायचा तिथे, तेव्हा इकडे रात्रीचे आठ. आईचा फोन यायचा तेव्हा दोघींकडे रात्रच, त्यामुळे पोलंडचं घड्याळ आपल्यासारखंच असतं असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

तुम्हीही टाका. गेला नसाल पण घरी असा कोणी पाहुणा आला असेल तरी चालेल. कुकर लावलाय, उत्तरं उशिरा देईन.

डबा_विसरला
त्या पोराला ताक वगैरे पाजलं का कुणी की नुसतेच बघत बसलात

क्राकूव्ह_रिटर्न
पोलंड!! मी क्राकूव्हला होते, एप्रिल २०१०, माझा तिथला शेवटचा आठवडा. १० तारखेला त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान रशियात स्मोलेन्स्कजवळ पडलं, ९६ माणसं गेली. आमचं ग्लोबल व्हिलेज होतं त्या आठवड्यात, प्रत्येकाने आपल्या देशाचा स्टॉल मांडायचा, माझी दोन किलो भाजणीची चकली तयार, ते अर्थातच रद्द. आमची को-ऑर्डिनेटर माझ्याच वयाची, रडून डोळे सुजलेले, तरी सकाळी दारात उभी, चला दिवे लावायला. काचेचे दिवे असतात त्यांच्याकडे, कबरीवर लावतात ते. इतके दिवे की चौकात मेण बुटाच्या तळाला चिकटत होतं.

मग आइसलँडचा तो ज्वालामुखी, राखेमुळे विमानं बंद. माझं तिकीट १७ चं. १८ ला अंत्यसंस्कार होते, ओबामा येणार होते, त्यांचंही राखेमुळे रद्द. बाबा इकडे ट्रॅव्हल एजंटला झापतायत, शेवटी मीच म्हटलं बाबा, ओबामाला जमेना तिथे आपण कोण. पुढचे सहा दिवस हॉस्टेलच्या किचनमध्ये चकलीवर काढले. एका तुर्की मुलाने चकली बीटाच्या सूपमध्ये बुडवून खाल्ली. चांगली लागते खरंच, करून बघा.

कोल्हापुरी_घणसोलीत
पोलंड म्हटलं की विषय आमचा. वळिवडे कॅम्प माहितीय का? दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश लोक, बायकापोरंच जास्त, १९४३ ते ४८ आमच्या कोल्हापूरजवळ राहून गेलेत. आमचे आजोबा तिथं भाजी घेऊन जायचे. त्यांना पोलिशमधला 'डोब्रे' एवढा एकच शब्द यायचा आणि त्या बायकांना मराठीतला 'जादा हाय'. व्यवहार झकास चालायचा म्हणे.
मूळ विषयावर अनुभव शून्य, माझा पासपोर्टच नाही.

नौपाड्याची निमकी
@कोल्हापुरी, जादा हाय!! आजोबांचे अजून किस्से असतील तर वेगळा धागा काढाच.

नेरुळची_सुगरण
आमच्याकडे ब्राझीलचा मुलगा होता दोन महिने, लेकाच्या कॉलेजमार्फत. पहिल्या दिवशी बादली आणि मग दिला, तर हा मग वेगळा कशाला हे त्याला कळेना, आणि मला ते इंग्रजीत सांगता येईना, शेवटी ह्यांनी कोरड्या अंगावर मग उपडा करून दाखवला. त्याचं काम ऐरोलीला. पहिल्या सोमवारी ठाणे लोकलमध्ये दारापासून आत ढकलला गेला आणि "एक्सक्यूज मी" म्हणत म्हणत थेट ठाण्याला उतरला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या धाकटीने शिकवलं, रबाळे गेलं की "चला चला, उतरायचंय" असं मोठ्याने म्हणायचं आणि कोणाकडे बघायचं नाही. जमलं हो त्याला. जाताना सासूबाईंच्या पाया पडला, त्यांनी हातावर अकरा रुपये ठेवले. अजून व्हॉट्सॲपवर "आई कसा आहेस" लिहितो. मी दुरुस्त करत नाही. दूध उतू जातंय, पळते

रबाळे_एमआयडीसी
सगळ्यांचं गोड गोड वाचून जरा जळलो. २०१३, एका संस्थेने, नाव राहू दे, लीडरशिप इंटर्नशिप म्हणून मलेशियाला नेलं. फी भरली ती वडिलांच्या पीएफमधून. तिथे महिनाभर गोडाऊनमध्ये खोक्यांवर स्टिकर लावले. सर्टिफिकेटवर छापलंय 'टीम लीडर'. टीममध्ये मी आणि एक नेपाळचा मुलगा. तोही टीम लीडर.

डबा_विसरला
तोही टीम लीडर!! मेलो. ऑफिसात बसून हसतोय, मॅनेजर बघतोय

क्राकूव्ह_रिटर्न
@रबाळे, वाईट वाटलं रे. पीएफ वाचून तर जास्तच. त्या नेपाळच्या मुलाशी अजून बोलणं आहे का?

रबाळे_एमआयडीसी
आहे ना. दर दिवाळीला 'हॅलो लीडर' म्हणून फोन येतो त्याचा.

एसवायची_आई
लेकीच्या डोक्यात हेच चाललंय सध्या. वयाची अट काय असते? आणि तिथे खायला काय काय देता येईल, ती खाण्यात फार नखरे करते, काल भरल्या वांग्यावरून अर्धा तास भांडण

क्राकूव्ह_रिटर्न
आयसेकला १८ ते ३०. पैसे भरायच्या आधी नक्की काम काय, राहायचं कुठे हे लेखी घ्या, वरचा रबाळेवाला अनुभव वाचलात ना. युरोपात शेंगेन व्हिसा असेल तर किमान ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. आणि दुधाचे, मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिकडे बंदी आहे, तेव्हा पेढेबिढे नको. चकली, चिवडा, मेतकूट द्या. वांग्याचं तुमचं तुम्ही बघा

एसवायची_आई
थँक्यू ग. मेतकूट नेणार नाही म्हणतेय, बॅगेला वास येतो.

डबा_विसरला
निमकी, मिसळवाल्याचं काय झालं शेवटी ते सांगितलंच नाहीस

नौपाड्याची निमकी
अरे हो. मी पीयूष मागवून दिलं, पोरांना त्याचं नाव इंग्रजीत सांगता येईना म्हणून ते तिघं पाच मिनिटं वाद घालत बसले. त्याने ते एका घोटात संपवलं आणि अजून तर्री मागितली.

नेरुळची_सुगरण
ती भाजणीची चकली घरची का विकतची? विकतची असेल तर दुकान सांगा ना, माझी ह्या वेळी सगळी मऊ पडली.