'त्याने टेन्शन घेतलं' की 'त्याला नैराश्य झालं'?

इतवारीकर:

परवा रात्री धरमपेठेत मित्राच्या गच्चीवर आम्ही सहा-सात जण फुटबॉलची मॅच पाहत होतो. मध्यंतरात ब्राझीलच्या रिशार्लिसनचा विषय निघाला. 2022 च्या विश्वचषकात सर्बियाविरुद्ध अंग हवेत झोकून मारलेला त्याचा गोल स्पर्धेतला सर्वोत्तम ठरला होता. त्याच स्पर्धेनंतर आपण नैराश्यात गेलो, खेळ सोडायचं मनात आलं आणि मानसोपचारांनी वाचलो, हे पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलं. यावर आमच्यातला एकजण म्हणाला, "एवढा पैसा असून कशाचं टेन्शन घेतलं बे यानं?"

'पैसा' या शब्दावर बाकीचे बोलत राहिले. मी मात्र 'घेतलं' पाशी अडकलो.

आपली क्रियापदं पाहा. टेन्शन घेतलं. धसका घेतला. हाय खाल्ली. मनाला लावून घेतलं. या सगळ्यांत 'त्याने' आहे, म्हणजे माणूस कर्ता आहे. जणू ताटात वाढलेलं होतं आणि त्याने उचलून खाल्लं. नको म्हणाला असता तर टळलं असतं. आता शरीराचे आजार पाहा. त्याला ताप आला. त्याला कावीळ झाली. त्याला डेंग्यू झाला. इथे 'त्याला' आहे. आजार बाहेरून येतो, माणसाच्या वाट्याला येतो. डेंग्यू 'घेतला' असं कुणी म्हणत नाही.

मराठीत मनाच्या आजाराचा दोष व्याकरणातच ठरून जातो की काय, हा माझा प्रश्न आहे. आणि तो मला आज पडलेला नाही.

2009 च्या नोव्हेंबरात मी नागपुरात एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर रात्रपाळीला होतो. 10 तारखेला पान लागायच्या वेळी बातमी आली की जर्मनीतल्या हॅनोव्हर 96 या क्लबचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने जीवन संपवलं. वय 32. हाताशी वेळ नव्हता. मी शीर्षक दिलं, त्यात 'अपयशाच्या नैराश्यातून' हे शब्द होते. आमच्याकडे तो साचा तयारच असायचा. परीक्षेतल्या मुलासाठी 'नैराश्यातून', शेतकऱ्यासाठी 'कर्जाला कंटाळून'. विदर्भातल्या वाचकाला हे शब्द नवे नाहीत. हात सवयीने चालला.

दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी तेरेसा पत्रकारांपुढे बसली आणि सगळं सांगितलं. 2003 पासून त्याच्यावर नैराश्याचे उपचार झाले होते. त्याने ते लपवले होते, कारण आजार कळला तर फुटबॉल जाईल आणि दत्तक घेतलेली मुलगीही आपल्याकडून काढून घेतील, अशी त्याला भीती होती. आणि अपयश? दोनच दिवस आधी तो हॅम्बुर्गविरुद्ध खेळला होता. तो संघाचा कर्णधार होता, आणि 2010 च्या विश्वचषकात जर्मनीच्या गोलसमोर कोण उभा राहणार, या चर्चेत त्याचं नाव पुढे होतं. माझ्या शीर्षकातलं 'अपयश' वृत्तसंस्थेच्या कुठल्याही बातमीत आलेलं नव्हतं. 'नैराश्य' हा शब्द लिहिला की त्याला कारण जोडावंसं वाटतं, म्हणून मी ते जोडलं. दुरुस्ती छापली गेली नाही. आज इतक्या वर्षांनीही ते पान मला आठवतं.

तर विचारतो: एखाद्या खेळाडूला हा आजार झाला, तर मराठीत नेमकं काय म्हणायचं? 'खचला' म्हणावं का? मला तरी तो शब्द दोष देणारा वाटतो. 'नैराश्यग्रस्त' म्हणावं का? तुमच्या घरी, मैदानावर, दवाखान्यात काय म्हणतात?

मोहननगरचा लेफ्टबॅक:

भाऊ, मैदानावर काय म्हनतात ते मी सांगतो. 'याच्यात दम नाही राह्यला.' 'याची हवा निघाली.' 'नाटकं करते.' हिंदीत बोलणारे पोट्टे म्हनतात 'गेम से दिल उठ गया इसका'. यातला दिल उठ गया तेवढा बरा वाटते मले, त्याच्यात शिवी नाही.

आमच्या टीमचा कीपर होता. पंधरा-सोळा वर्सं संग खेळलो. त्याचा गुडघा गेला तेव्हा आख्खी टीम त्याच्या घरी गेली, संत्री घेऊन. प्लास्टरवर सगळ्यायनं सह्या केल्या. तीन महिन्यांनी परत आला, टाळ्या वाजवल्या आम्ही. मंग दोन वर्सांनी यायचा बंद झाला. काही दुखत नव्हतं, काही तुटलं नव्हतं. फोन उचलत नव्हता. त्या टायमाले कोनी गेलं नाही. मीबी नाही. काहून नाही गेलो, तर काय झालं हाये म्हनून विचारायचं, याले आमच्याजवळ शब्दच नव्हता. गुडघ्याले शब्द होता. तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली, म्हनून लिहिलं.

खामल्याची ताई:

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते. इतवारीकरदादा, 'नैराश्य' लिहिलं की कारण जोडावंसं वाटतं हे तुमचं निरीक्षण शब्दाच्या घडणीतूनच येतं. 'निर्' अधिक 'आशा' म्हणजे निराश, त्याचं भाववाचक नैराश्य. शब्दाच्या पोटात आशा आहे. मग ऐकणारा विचारणारच, कसली आशा होती आणि ती कशी गेली? मॅच हरली, निवड झाली नाही, पैसे बुडाले. म्हणूनच ज्याच्याकडे सगळं आहे त्याला हा आजार झाला की लोकांना तो शब्द खोटा वाटतो.

हिंदी वर्तमानपत्रं 'अवसाद' लिहितात. नागपुरात आपण दोन्ही भाषांतली पत्रं वाचतो, त्यामुळे तो शब्द इथे परका नाही. 'सद्' म्हणजे बसणे, खाली जाणे. अव लागला की अवसाद, खाली खाली बसत जाणं. वि लागला की विषाद. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, आणि तिथे रणांगणावर उभा असलेला माणूस कोण, तर त्या काळचा सर्वांत नावाजलेला धनुर्धर. त्याचं अंग थरथरतं, हातातून धनुष्य गळून पडतं, त्वचेचा दाह होतो. कौशल्य कुठेही कमी झालेलं नाही. वर्गात हे शिकवताना मी नेहमी इथे थांबते. आणि प्र लागला की त्याच धातूपासून प्रसाद, प्रसन्न होतं. विषण्ण आणि प्रसन्न हे सख्खे भाऊ आहेत. मुळात दोन्हींत 'बसणं' आहे, फक्त एकात माणूस तळाशी बसतो आणि दुसऱ्यात गढूळपणा तळाशी बसून पाणी नितळ होतं.

आणखी एक. इंग्रजीतला डिप्रेशन हाच शब्द हवामान खात्यात आहे आणि तिथे आपण त्याला ढोबळपणे 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतो. जुलैमध्ये बंगालच्या उपसागरात तो तयार होतो, विदर्भाकडे सरकतो, आठवडाभर सूर्य दिसत नाही, मग विरतो. बोलताना आपण त्याला कधी दोष देत नाही. तयार होतो, सरकतो, विरतो, ही तिन्ही क्रियापदं मला या आजारासाठीही योग्य वाटतात.

'खचला' बद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत होणार नाही. विहीर खचली तर आपण विहिरीला नावं ठेवत नाही. आतून माती सुटली एवढंच म्हणतो. त्यात 'त्याने' नाही. जुना आणि माणुसकीचा शब्द आहे तो, टाकू नये.

मानकापूर:

मी मनोविकाराच्या वॉर्डात परिचारिका आहे. ताईंचं व्युत्पत्तीचं पटलं, पण 'अवसाद' कुठलाही पेशंट म्हणत नाही. 'नैराश्य' ही फारसं म्हणत नाहीत. लोक येतात आणि म्हणतात: करमत नाही. मन लागत नाही. डोकं जड राहते. सकाळी उठावंसं वाटत नाही. जीव घाबरा होतो. अन्नाची चव गेली. डॉक्टर यातूनच आजार ओळखतात. उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे राहिलं आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर तो आजार धरतात. मॅच हरल्यावर दोन दिवस जेवण गोड न लागणं हे नव्हे. म्हणून चाहत्यांनी 'आपली टीम हरली, मी डिप्रेशनमध्ये' असं लिहू नये असं मला फार वाटतं. शब्द असा झिजला की खऱ्या आजाऱ्याचं बोलणंही तेवढ्याच वजनाचं समजलं जातं.

'करमत नाही' हा शब्द जपा. त्यात 'मला' आहे. इतवारीकरदादांच्या व्याकरणात तो बरोबर बसतो: मला करमत नाही. मी काही केलं नाही, मला होत नाही.

लेफ्टबॅकभाऊंनी गुडघ्याचं लिहिलं म्हणून सांगते. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, 2015 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली होती. सध्या खेळणाऱ्यांपैकी 38 टक्के आणि निवृत्तांपैकी 35 टक्के खेळाडूंनी नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं सांगितली. ही प्रश्नावलीतली लक्षणं आहेत, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा. पण ज्यांना तीन किंवा जास्त मोठ्या दुखापती झाल्या होत्या त्यांच्यात मानसिक त्रासाचं प्रमाण दोन ते चार पट निघालं. म्हणजे तो गुडघा आणि नंतरचं ते न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी नसतीलही.

आणि आपल्या गावाचं बोलायचं तर प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला नागपूर आजही काय म्हणतं, ते सगळ्यांना माहीत आहे. पागलखाना चौक. ऑटोवाल्याला दुसरं नाव सांगितलं तर कळत नाही. कायदा 1912 मध्ये 'ल्युनसी', म्हणजे वेडेपणा, म्हणत होता, 1987 मध्ये मानसिक आरोग्य म्हणू लागला, 2017 मध्ये पुन्हा नवा झाला. चौक तिथेच राहिला. बावीस वर्षांचा पोरगा आईला म्हणतो, 'मले त्या चौकात नको नेऊ', आणि सहा महिने उशिरा येतो. शब्दाने होणारा उशीर मी रोज पाहते. ज्याला यायचं नाही त्याने निदान 14416 वर फोन करावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

कामठीवाला:

मानकापूरताईंनी चाहत्यांचं काढलं म्हणून लिहितो. आम्ही स्वतःला 'फुटबॉलवेडे' म्हणवून घेतो, छाती फुगवून. तोच 'वेडा' खेळाडूला लावला की शिवी होते. वेड आपलं असेल तेव्हा दागिना, त्याचं असेल तेव्हा डाग. हे मला आज लिहिता लिहिता सुचलं आणि वाईट वाटलं.

पण चाहते चांगलंही वागतात. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबच्या ॲरन लेननला उपचारांसाठी रुग्णालयात ठेवावं लागलं, तेव्हा काही इंग्रजी पत्रांनी मथळ्यात त्याचा पगार टाकला. त्या मथळ्यावर तुटून पडले ते चाहतेच. एन्केला निरोप द्यायला हॅनोव्हरच्या स्टेडियमवर सुमारे 40 हजार लोक आले होते. आणि बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या स्पेनच्या इनिएस्ताचं तर सगळ्यांना सांगावं असं आहे. 2009 च्या ऑगस्टमध्ये त्याचा मित्र दानी हार्के गेला. त्या काळात आपण नैराश्याशी झुंजत होतो, हे इनिएस्ताने नंतर उघडपणे सांगितलं. 2010 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 116 व्या मिनिटाला गोल केल्यावर त्याने जर्सी काढली, आतल्या बनियनवर हार्केचं नाव होतं. हार्के होता एस्पान्योलचा, म्हणजे बार्सिलोनाच्या कट्टर शेजाऱ्यांचा. त्याच डिसेंबरात बार्सिलोनाने एस्पान्योलला त्यांच्याच मैदानावर 5-1 हरवलं, आणि इनिएस्ता बाहेर जायला निघाला तेव्हा तिथले लोक त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिथे कुणाला शब्द शोधावा लागला नाही.

इतवारीकर:

ताई, 'खचला' बद्दल माझं मत बदललं. जवळच्या माणसाबद्दल, घरात बोलताना, हाच शब्द बरा. वर्तमानपत्रात मात्र मी आता 'त्याला नैराश्याचा आजार आहे' एवढंच लिहीन. 'आजार' हा शब्द गाळायचा नाही, कारण नुसतं 'नैराश्य आलं' म्हटलं की ते निकालाशी जोडलं जातं. 'तून' हा प्रत्ययही लावायचा नाही. 'नैराश्यातून' या एका शब्दात निदान, कारण आणि निकाल तिन्ही उरकले जातात, आणि तिन्ही चुकलेले असू शकतात. 'दुखापतीमुळे विश्रांती' जसं छापतो तसंच 'आजारपणामुळे विश्रांती'. जर्मनीचा सेबास्टियान डाइसलर 2007 च्या जानेवारीत, 27 व्या वर्षी खेळ सोडून गेला, तेव्हा मी 'अकाली निवृत्ती' लिहिलं होतं. नैराश्यावर त्याचे उपचार 2003 मध्येच झाले होते, ते बातमीत शेवटच्या ओळीत होतं. आज पहिल्या ओळीत घेईन.

'अवसाद' मला अजून जड वाटतो. 'करमत नाही' वर मात्र मी बराच वेळ थांबलो. इतका ओळखीचा शब्द, आणि तो मला या जागी कधी दिसलाच नव्हता.

लेफ्टबॅकभाऊ, तुमचा कीपर आता कुठे असतो?

मोहननगरचा लेफ्टबॅक:

इथंच हाये, गोधनीकडे. काल गेलो होतो. मानकापूरताईनं लिहिलेला शब्द डोक्यात होता, म्हनून सरळ विचारलं, "तुले करमत नव्हतं का रे तेव्हा?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मंग म्हने, "मैदानातबी नाही अन् घरातबी नाही. तुमी सारे नाराज असान असं वाटे." इलाज चालू हाये म्हने, दोन वर्सं झाले. वहिनीनं सांगितलं की आता सकाळी फिरायले जाते.

संत्री नेली होती. सोलून ठेवली, अर्धी त्यानं खाल्ली. पुढच्या रविवारी दोन जुने पोट्टे संग घेऊन जातो.