टेम्प्लेटकडेही बघा
हॉस्पिटलच्या कम्प्युटरवर पेशंटची रोजची नोट लिहिताना कालचीच नोट कॉपी-पेस्ट करणं बंद केलं की निम्मा त्रास संपेल असं काही जण म्हणतात, त्याला पूर्ण सहमत, पण टेम्प्लेटबद्दल, म्हणजे तपासणीची वाक्यं आधीच भरून येणाऱ्या तयार नमुन्याबद्दल, कुणीच बोलत नाहीये. 'सर्व नॉर्मल' वर एक क्लिक केलं की न तपासलेलंही तपासलं म्हणून रेकॉर्डला जातं. गुडघ्याखाली पाय कापलेल्या पेशंटच्या नोटमध्ये 'दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित लागतात' असं मी स्वतः वाचलंय, आणि असं एक वाक्य सापडलं की त्याच नोटमधल्या खऱ्या निरीक्षणांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, हे जास्त वाईट.

आणि नंतर गुपचूप दुरुस्त करू असं कुणाच्या मनात असेल तर ते विसरा, ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे सिस्टीम आपोआप ठेवते त्या नोंदवहीत, कोणी कधी काय बदललं, बहुतेक सिस्टीममध्ये तर नोट नुसती उघडली तरी, वेळेसकट नोंद राहते. राहून गेलेलं लिहायचं तर सरळ पुरवणी नोंद करा, 'उशिरा केलेली नोंद' असं त्यात स्पष्ट लिहा आणि तपासलं कधी, लिहितोय कधी, दोन्ही वेळा टाका. आणि जे तपासलं नाही तिथे 'तपासलं नाही' असंच लिहा ना, त्यात कसला कमीपणा, निदान रात्रीच्या ड्यूटीवाल्याला कळेल तरी की हे अजून बघायचं बाकी आहे.