मदत हवी आहे: मॅटवर पाय चालतात, रस्त्यावर एकमेकांत अडकतात

नमस्कार. गेलं दीड वर्ष मी आठवड्यातून तीन दिवस किकबॉक्सिंगच्या क्लासला जाते. वय ३६, डोंबिवलीत राहते, नोकरी ठाण्याला. क्लास सुरू केला तो वजनासाठी नाही. रात्री उशिरा एकटीने घरी यावं लागतं, तेव्हा अंगात थोडी ताकद आणि मनात थोडा धीर असावा म्हणून. जॅब, क्रॉस, गुडघा, लो-किक सगळं बऱ्यापैकी बसलं आहे. पॅडवर मारते तेव्हा सर खूश असतात.

जूनमधली गोष्ट. पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. पावणेदहाच्या सुमारास स्टेशनकडून घरी निघाले. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आहेत, निम्मे बसलेले, निम्मे उचकटलेले. बॅगेचा पट्टा गळ्यातून तिरपा, बॅग उजव्या कमरेला. मागून बाइक आली आणि मागे बसलेल्याने जाता जाता पट्टा धरून ओढला. मी किंचाळले आणि मागे रेटा दिला. पट्टा तुटला. त्या क्षणाला माझे दोन्ही हात चेहऱ्याच्या पातळीला होते, म्हणजे दीड वर्षात घोटवलेला गार्ड आपोआप आला! पण पाय? डावा पाय उजव्याच्या मागे गेला, चपलेची टाच ब्लॉकच्या फटीत अडकली आणि मी उजव्या तळव्यावर मागच्या मागे आपटले. बाइक निघून गेली, बॅग माझ्यापाशीच राहिली. मनगटाला फ्रॅक्चर. पाच आठवडे प्लास्टर होतं, गेल्या आठवड्यात काढलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. मला मारायला शिकवलं गेलं, पण त्या रात्री मारण्याची वेळ आलीच नाही. उभं राहण्याची आली आणि तेच जमलं नाही. क्लासमध्ये अनवाणी पाय, सपाट मॅट, भरपूर उजेड, समोरचा समोरच उभा. रस्त्यावर यातलं एकही नाही. मला जास्त लागलं ते यासाठी की शाळेत मी खो-खो खेळायचे. मैदान खडबडीत असायचं, तरी हुलकावणी देऊन खांबाला वळसा घालताना कधी पडल्याचं आठवत नाही. मग ते पाय गेले कुठे?

क्लासमध्ये शिकवतात तसा पुढचा पाय टाकून मागचा सरकवत आणायचा, ही चाल उखडलेल्या फुटपाथवर चालते का? चप्पल आणि सलवार-कुर्ता घालून सराव करावा की अनवाणी? कुणी ओढलं किंवा ढकललं तर तोल सांभाळायचा सराव घरच्या घरी कसा करतात? आणि पडायचंच झालं तर कसं पडावं? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सांगितलं तर फार मदत होईल. 'मिरचीचा स्प्रे ठेवा' हे सल्ले बरेच मिळाले आहेत. प्रश्न पायांचा आहे.

प्रतिसाद

ताई, मी सांगलीकडचा. तालमीत नऊ वर्षं लाल मातीत घालवली आहेत. तुमचं वाचून पहिल्या झटक्यात कळलं काय झालं ते. कुस्तीत हा डावच आहे. समोरच्याला ओढायचं. तो उलटा जोर लावतो, म्हणजे आपला तोल आपल्या पायावर न ठेवता आपल्या हातावर टाकतो. मग हात सोडायचा. तो स्वतःच्याच जोराने मागे जातो. तुमच्याबाबतीत हात सोडायचं काम पट्ट्याने केलं.

वस्ताद आम्हाला महिनाभर डाव शिकवायचे नाहीत. नुसता पवित्रा आणि खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या हाताला हात लावून केलेली झटापट. पवित्रा म्हणजे फक्त उभं राहणं नाही. गुडघे मोकळे, वजन टाचेवर नाही तर चवड्यावर, दोन पायांत खांद्याएवढं अंतर, एक पाय थोडा पुढे. गुडघा ताठ झाला की माणूस खांब होतो, आणि खांब ढकलला की पडतो. ओढ आली तर तिच्याविरुद्ध ताठायचं नाही. ओढीबरोबर एक छोटं पाऊल टाकायचं आणि त्याच पावलावर अंग वळवायचं. तेवढ्याने ओढणाऱ्याची रेघ मोडते.

घरी करायचं तर नवरा, भाऊ, मैत्रीण कुणीही चालेल. त्याने तुमचा पुढचा हात कोपराखाली धरायचा (दुखरा हात नको, डावा द्या) आणि न सांगता कधी ओढायचं, कधी ढकलायचं, कधी मध्येच सोडून द्यायचं. तुम्ही हाताने काही करायचं नाही, फक्त पायांनी उत्तर द्यायचं. दोन मिनिटं केलं तरी मांड्या बोलायला लागतात. आधी घरात, मग गवतावर, मग उतारावर.

सरकवत पाय नेण्याबद्दल विचारलंत. माती, मॅट यांवर सरकवा. ब्लॉकवर सरकवलात तर अडकणारच. तिथे पाऊल दोन बोटं उचलून छोटं टाकायचं. नियम एकच: पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत, आणि दोन्ही पाय चिकटवायचे नाहीत.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी मनगटाबद्दल: प्लास्टर निघालं म्हणजे हाड पूर्ण भरलं असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पंचिंग पॅड, जोर मारणं आणि पडण्याचा सराव बंद. ओढाताणीचा जो सराव वर सांगितला आहे, तोही त्यांना विचारून, आणि सुरुवातीला अगदी हळू.

तोल तीन ठिकाणांहून येतो: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि पाय-घोटे-सांध्यांतून मेंदूला जाणारी जाणीव. उजेडात सपाट मॅटवर डोळे इतकं काम करतात की घोट्यांवर भार पडतच नाही. रात्री अंधाऱ्या गल्लीत डोळे निम्मे बाद होतात आणि मग न शिकलेल्या घोट्यांवर सगळं येतं. तुमचे खो-खोचे पाय कुठेही गेलेले नाहीत. खडबडीत मैदानावर रोज धावून ती जाणीव तयार झाली होती, ती वीस वर्षं वापरात नव्हती एवढंच.

दात घासताना एका पायावर उभं राहा, पाय बदला. ३० सेकंद सहज जमलं की भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटा. फरक लगेच कळेल. पुढे घडी घातलेल्या जाड चादरीवर तेच. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली-वर करा, कठड्याला धरून. आणि लंगडी! घरात मुलं असतील तर त्यांच्याबरोबर खेळा. एका पायावर उडी मारून वळणं आणि थांबणं हा घोट्याचा उत्तम व्यायाम आहे आणि आपल्याकडे तो फुकट उपलब्ध आहे.

अनवाणी की चप्पल यात मी दोन्ही म्हणेन. जाणीव जागी करायला अनवाणी, पण शेवटी ज्या पादत्राणांत रोज चालता त्यांतच सराव हवा. मागे पट्टा नसलेली चप्पल मागे सरकताना पायातून निसटते. रोजच्या प्रवासासाठी मागे पट्टा असलेली सँडल घ्या.

प्रतिसाद

मी मुलींना ज्युदो शिकवते. पडण्याबद्दल लिहिते, कारण तिथेच तुम्हाला इजा झाली.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ज्युदो शिकायला येणाऱ्याला आजही पहिल्यांदा शिकवतात ते पडणं, उकेमी. कारण घाबरलेला माणूस पडताना हात मागे टेकवतो आणि अख्ख्या अंगाचं वजन मनगटावर येतं. हाडं तिथेच मोडतात. ही सवय मोडायला वेळ लागतो, वाचून मोडत नाही.

पण रस्त्यासाठी एक गोष्ट वेगळी. मॅटवर आम्ही पडताना तळहात आणि हात जमिनीवर आपटतो, त्यात झटका विभागला जातो. काँक्रीटवर तसं केलं तर कोपर फुटेल. रस्त्यावर मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, गुडघे वाकवून जेवढं खाली बसता येईल तेवढं बसायचं, मग ढुंगण, मग गोल पाठ, डोकं कधीच टेकू द्यायचं नाही. जितक्या कमी उंचीवरून पडाल तितकं कमी लागेल. सुरुवात गादीवर उकिडवं बसून मागे लोळण्याने करा, तीही मनगट बरं झाल्यावर.

उठण्याचाही सराव करा. बहुतेक जण पालथे होऊन उठतात, म्हणजे पाठ समोरच्याकडे. एका कुशीवर या, खालचा हात टेकवा, वरचा हात चेहऱ्यासमोर, एक पाऊल जमिनीवर, दुसरा पाय अंगाखालून मागे काढा आणि समोर बघतच उभ्या राहा.

प्रतिसाद

मी २८ वर्षं लोकलने फिरते, मला कराटे-बिराटे येत नाही. पण एक सांगते. गाडीत दांडी न धरता उभं राहायचं असेल तर आपण काय करतो? एक पाय गाडीच्या दिशेला पुढे, एक मागे, आणि थोडं रुंद. ब्रेक लागला तर पुढचा पाय घेतो, गाडी डुलली तर रुंदी घेते. वरच्या भाऊंनी सांगितलेला पवित्रा हाच आहे ना? मग रोजचा पाऊण तास फुकट का घालवायचा? गर्दी नसेल तेव्हा आतल्या बाजूला, दाराजवळ मुळीच नाही, एक हात दांडीजवळ तयार ठेवून करून बघ.

आणि बाळा, बॅगेचा पट्टा गळ्यातून तिरपा घालू नकोस. तुटला म्हणून सुटलीस, नाहीतर फरफटली असतीस. रस्त्याच्या उजव्या कडेने चाल, म्हणजे तुझ्या बाजूच्या गाड्या समोरून येतात, मागून नाही. बॅग रस्त्याकडे नाही, भिंतीकडे. ओढली तर सोडून दे आणि उजेडाकडे, दुकानाकडे चालू लाग, मग ११२ लाव. पळून जायलाही पायच लागतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी हलक्या सरावाला परवानगी दिली आहे. डोळे मिटून एका पायावर पहिल्या दिवशी चार सेकंद टिकले, आता पंधरा होतात. डाव्या पायावर कमी. नवऱ्याबरोबर ओढाताणीचा सराव रोज रात्री करते. पहिला आठवडा दर वेळी गुडघे ताठत होते आणि तो हात सोडायचा तेव्हा मागच्या सोफ्यावर बसत होते. काल पहिल्यांदा ओढीबरोबर पाऊल पडलं आणि अंग आपोआप वळलं. खांबाला वळसा घालताना जसं व्हायचं तसंच! डोळ्यांत पाणी आलं.

मावशी, लोकलमधलं जमतंय. सँडल घेतली. त्या गल्लीतून पुन्हा चालत गेले, उजव्या कडेने, पावलं उचलून. भीती गेलेली नाही, पण पाय कुठे पडतोय ते आता कळतं.

एक नवा प्रश्न. शनिवारी मुलीला नाट्यवर्गातून आणते, ती सहा वर्षांची आहे. तिचा हात धरलेला असतो तेव्हा एक बाजू पूर्ण अडकते. वळायचं म्हटलं तर तिला ओढलं जातं, आणि ती घाबरून जागेवरच ताठ उभी राहते. तिला कोणत्या बाजूला घ्यावं, आणि वळताना तिला आपल्या मागे कसं आणावं? लहान मुलांबरोबर असा सराव कुणी केला आहे का?