खांद्यावरून ओघळणारा स्वेटर

ताई, छातीच्या मापाने विणलेला स्वेटर खांद्यावरून ओघळतो, असं तुम्ही लिहिलंय. टेप काखेतून, छातीच्या वरच्या भागावरून गुंडाळा आणि खांदे-गळा त्या मापाने विणा. छातीला घेर कमी वाटला तर पुढच्या भागात काखेखाली टाके वाढवा. पुढचा काठ वर उचलला जात असेल तर तिथेच काही अर्ध्या ओळी घाला, म्हणजे टोकापर्यंत न जाता मध्येच विणकाम उलटायचं. पुढची बाजू तेवढी लांब होते, पाठ तशीच राहते.

मुंबईत आपण बहुतेक सुती धागाच घेतो. त्याला लोकरीसारखी लवचीकता नसते, शिवाय स्वतःच्या वजनाने तो खाली उतरतो. म्हणून आधी त्याच धाग्याचा छोटा चौकोनी नमुना विणा आणि तो धुऊन, टांगून वाळवून मगच त्यातले टाके मोजा. (इथल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, पण घाई नकोच.) 10 सेंमीत 20 टाके आले आणि अंगाचा घेर 100 सेंमी हवा असेल, तर 200 टाके.

बाह्या आणि गळ्यासाठी विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांचं टक्केवारीचं गणित मला फार आवडतं. अंगाच्या टाक्यांच्या 20 टक्के मनगटाला, 33 टक्के दंडाला, 40 टक्के गळ्याला. आपल्या 200 टाक्यांना ते होतात 40, 66 आणि 80. दंड भरलेले असतील तर टाके बेलाशक वाढवा, ते आकडे दगडावरची रेघ नाहीत.

आणि शक्यतो गळ्यापासून खाली विणा. मध्येच अंगात घालून बघता येतं, लांबी हवी तिथे थांबवता येते. सुती काठाला मात्र बारीक सुई घ्या, नाहीतर तो सैल पडतो.