वर्तनवाद जुना झालाय की तो नीट वापरलाच जात नाही?

घंटानाद:
वर्तनवाद म्हणजे वर्तन त्याच्या परिणामांनी आणि जोडलेल्या संकेतांनी घडतं, असं मानणारी मानसशास्त्रातली विचारधारा. मुलांच्या सवयींचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बक्षीस-शिक्षा उंदरांना ठीक, माणसांना नाही." माझ्या मते तत्त्वं फसत नाहीत, ती लावताना घोळ होतो.

रडून मोबाईल मिळवणारं मूल घ्या. ते रडतं, बाबा मोबाईल देतात, रडणं थांबतं. मुलाच्या रडण्याला धन प्रबलन मिळालं, कारण हवी ती वस्तू हातात पडली. बाबांच्या 'देऊन टाकण्याला' ऋण प्रबलन मिळालं, कारण कटकट थांबली. उद्या दोघंही तेच करणार. ऋण प्रबलनाला सर्रास शिक्षा समजतात, पण शिक्षेने वर्तन घटतं, प्रबलनाने ते वाढतं, मग ते धन असो वा ऋण.

आता बाबा ठरवतात, द्यायचाच नाही. यालाच विलोपन म्हणतात. पहिले काही दिवस रडणं कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. नेमकं तेव्हाच कंटाळून मोबाईल दिला, तर जोरात आणि जास्त वेळ रडायचं हे शिकवलं जातं. शिवाय 'कधी मिळतो, कधी नाही' असं अंशतः प्रबलन झालं की सवय आणखी चिवट होते. हे फर्स्टर आणि स्किनर या वर्तनवाद्यांच्या 1957च्या ग्रंथात सविस्तर आहे.

उलटतपासणी:
उदाहरण चोख आहे, पण त्यावरून 'तत्त्वं फसत नाहीत' हे कसं निघतं? पाठ्यपुस्तकातला वर्तनवाद सांगतो की घंटा आणि अन्न पुरेशा वेळा जोडीने आले की शिकणं झालं, पावलोव्हच्या कुत्र्यांसारखं. मानसशास्त्रज्ञ रेस्कोर्लाने 1968 मध्ये उंदरांवर हे तपासलं. एका गटात स्वर वाजताना विजेच्या झटक्याची शक्यता 0.4 होती आणि स्वर नसताना शून्य. दुसऱ्या गटात दोन्ही वेळी 0.4. स्वर आणि झटका यांच्या जोड्या दोन्हीकडे सारख्याच, पण स्वराची भीती पहिल्या गटालाच बसली. म्हणजे प्राणी जोड्या मोजत नाही, स्वरामुळे काही कळतंय का हे पाहतो.

त्याच्या दोन वर्षं आधी गार्सिया आणि कोलिंग यांचा प्रयोग झाला होता. उंदीर पाणी पिताना गोड चवीसोबत प्रकाश आणि आवाजही असे. पुढे मळमळ झाली तर त्यांनी चव टाळली. झटका बसला तर प्रकाश-आवाज टाळला. कोणतंही उद्दीपक, म्हणजे चव किंवा आवाज असा संकेत, कशालाही जोडता येतं, हे गृहीतकच कोसळलं.

घंटानाद:
कोसळलं ते वर्तनवादाचा आद्य पुरस्कर्ता वॉटसन याचं टोक. रेस्कोर्लाचा प्रयोग अभिजात अभिसंधानाच्याच (संकेत आणि घटना जोडून शिकण्याच्या) चौकटीतला आहे, त्याने ती मोडली नाही, नेमकी केली. उद्या कुणी उंदरांच्या भूलभुलैयावर प्रयोग करणारा टोलमन काढेल, म्हणून आधीच सांगतो: तोही स्वतःला वर्तनवादीच म्हणवत असे.

उलटतपासणी:
काढतोच. 1930 मध्ये टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदरांच्या एका गटाला भूलभुलैयात दहा दिवस काहीच दिलं नाही, अकराव्या दिवसापासून अन्न ठेवलं. बाराव्या दिवशी त्यांच्या चुका रोज अन्न मिळणाऱ्या गटाइतक्या खाली आल्या. मग प्रबलनाशिवाय ते शिकले कसे? भूलभुलैयाचा नकाशा डोक्यात होता म्हणूनच ना? नावाला वर्तनवादी असून काय उपयोग, डोक्यातलं मान्य करावंच लागलं.

काठावरून:
तुम्ही दोघं उंदरांत अडकलात. वर्गातला प्रश्न वेगळा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये चित्रं काढायला आवडणारी लहान मुलं घेतली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलं की प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला ते अचानक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिला गट इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत बसला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र घटली नाही. तेव्हा जे मूल आपणहून वाचतं त्याला पानामागे चांदणी देऊ नका. जे पुस्तक हातातच घेत नाही, त्याच्यासाठी चांदणी ठीक.

घंटानाद:
हे मान्य. मी म्हणेन, बक्षीस फक्त सुरू न झालेल्या वर्तनाला, आणि तेही पायऱ्यांनी. आधी आठवडाभर नुसती मोजणी: दिवसातून किती वेळा, कोणत्या प्रसंगानंतर. मग एकच वर्तन निवडा. 'शहाण्यासारखं वाग' हे वर्तन नाही; 'जेवल्यावर ताट उचलून ठेवणं' हे आहे. सुरुवातीला दर वेळी आणि लगेच दाद द्या, संध्याकाळी नाही. मधल्या वेळात मूल दुसरं काही करतं आणि दाद त्यालाच चिकटते. सवय बसली की विरळ करत जा, दोनदा-तीनदा झाल्यावर एकदा. एकदम बंद केलं की सवय ढासळते, आणि मग लोक म्हणतात पद्धत खोटी.

उलटतपासणी:
पद्धत चालते, यावर वाद नव्हताच. का चालते याचं तुमचं उत्तर अपुरं आहे. विलोपनाने जुनी जोडणी पुसली जात असेल, तर थोड्या विश्रांतीनंतर विझलेली प्रतिक्रिया उत्स्फूर्तपणे परत का येते? पावलोव्हलाही ती दिसली होती. मोबाईलचं रडणं घरी बंद होऊन आजीकडे पुन्हा सुरू होतं, तेही त्याच जातीचं. जुनं शिल्लक राहतं आणि 'इथे, आत्ता मिळत नाही' असं नवं शिकणं त्यावर चढतं. म्हणून तुमच्या यादीत एक पायरी वाढवा: आजीकडेही तोच नियम, पहिल्या दिवसापासून.