मदत हवी आहे: पद्मिनी वळणावर झुकते, पण गाडी कडक करायची नाही

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). रोज पुण्यात ऑफिसला आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून कोकणात, मागच्या सीटवर आई-बाबा.

वळणावर गाडी फार झुकते. पुढचे बुश आणि मागचे शॅकलचे रबर नवीन आहेत, टायर रेडियल, अलाइनमेंट झालेली, हवा तपासलेली. गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने मागे एक पाटा वाढवला, तर रिकामी गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला उडायला लागली. आई म्हणाली, "यापेक्षा एसटी बरी." पाटा काढला. मग पुढे कडक गॅस शॉकअप टाकले. घाटात फरक जाणवला, पण शहरातला प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमधून हातात येतो. ते अजून तसेच आहेत.

आता विचार असा: स्प्रिंग, पाटे मूळचेच ठेवायचे, पुढे पुन्हा साधे ऑइलचे शॉकअप आणि फक्त पुढचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) थोडा जाड. दोन्ही चाकं एकदम उचलली की बारला काम नसतं, म्हणजे स्पीडब्रेकरला त्रास नको. एकाच चाकाखाली खड्डा आला तर थोडा धक्का वाढेल, तो चालेल. भीती वेगळीच आहे: पुढचा बार जास्त जाड झाला तर ओल्या घाटात गाडी वळायलाच कुरकुर करेल.

चासीला कापाकापी, वेल्डिंग नको. गाडी खालीही करायची नाही. बजेट २५,००० रुपये.

कुणी पद्मिनीला असा बार बसवलाय का? मूळच्यापेक्षा किती मिलिमीटर जाड घेतला, आणि सोबत शॉकअप कोणते ठेवले?