मदत हवी आहे: काचेला चिकटलेला आजीचा फोटो

आजी धुळ्याकडे नर्स होती. गणवेशातला तिचा हा एकच फोटो: कृष्णधवल, जाड कागदावरचा, १९६५ च्या आसपासचा. पावसाळ्याची ओल फ्रेममध्ये शिरून फोटोवरचा जिलेटिनचा थर (ज्यात चित्र असतं तो) काचेला चिकटलाय, नेमका टोपी आणि कपाळापाशी. ओढला तर चेहरा काचेवरच राहील, म्हणून हात लावलेला नाही. काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन केलंय, पण चिकटलेल्या जागी काळपट डाग येतो. ड्रायरची उष्णता मुद्दाम टाळली.

साधा कृष्णधवल फोटो डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सुटू शकतो. पण इथे गाला-ओठांवर स्टुडिओत हाताने भरलेला रंग आहे, खाली शाईने तिची सही. सही जाता कामा नये. नुसत्या दमट हवेवर थर सैल होतो का? की जळगाव-नाशिककडे असं काम करणारं कुणी आहे?